वर्तणूक चांगली

वगारीच्या मागच्या पायांना मी दोर बांधला. दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागलो.

म्हशीची वगार. दोन वर्षांची असेल. आदल्या दिवशी मेलेली. पोट फुगलेलं, डोळ्यांवर माश्या. पाटलाच्या गोठ्यापासून ओढ्यापर्यंत उतार आहे म्हणून एकट्याला जमलं. वाटेत शाळा लागते, मग देऊळ, मग दुकान. भर दुपार होती. दुकानाच्या फळीवर चार-पाच जण बसले होते. त्यातला एक म्हणाला, "पोलिसात लागलेलं पोरगं ते हेच ना?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते. महिन्याभरापूर्वी त्याच बुटांनी मी मुंबईच्या मैदानावर धावलो होतो. शिपाई भरती. शेकडो पोरं. छाती मोजली, उंची मोजली, गोळा फेकून घेतला. धावण्यात माझा नंबर वर होता. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरचं पोरगं मी. शाळेसाठी रोज चढलो-उतरलो होतो. मैदान म्हणजे मला सपाट जमीन. यादीत नाव आलं तेव्हा आयनं वाडीत घराघरात गूळ वाटला.

पोलीस व्हायचं का ठरवलं, तेही सांगतो. लहानपणी एकदा तालुक्याहून हवालदार आला होता. त्याला बघून गावचा पोलीस पाटील खुर्चीतून उठला. तो उठतो हे मी पहिल्यांदा बघितलं. आम्ही बौद्धवाडीतली माणसं त्याच्या खळ्यात उभी असायचो, तो ओटीवर बसलेला असायचा. तेव्हाच ठरवलं. ज्याच्यासाठी पाटील उठतो, तो माणूस व्हायचं.

यादी लागल्यावर चारित्र्य पडताळणी असते. पोरगा कसा आहे, भांडणतंटा आहे का, हे मुंबईहून तालुक्याच्या ठाण्याला विचारतात. ठाणं पोलीस पाटलाला विचारतं. फॉर्म आला. पाटलानं मला बोलावलं.

"काय लिवू रे तुझं?"

"चांगलं लिवा, पाटील."

"चांगला हायस का तू?"

त्यानं पानाचा डबा पुढे ओढला.

"वगार मेलीय काल. गोठ्यामागं पडलीय. तेवढी वढ्यात नेऊन टाक. मंग लिवतो."

एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. तो पान जुळवत होता.

तो हे का म्हणाला, मला पक्कं ठाऊक होतं. मेलेलं जनावर ओढायचं काम आमच्या वाडीनं मी जन्मायच्या आधी सोडलं होतं. सोडायला लावलं माझ्या बापानं. बा तेव्हा विशीतला. महाडला चवदार तळ्यावर मार्चात माणसं जमतात, तिथून आला आणि वाडीत सगळ्यांना बसवून म्हणाला, उद्यापासून नाय. गावानं दोन वर्षं वाडीला शेतात पाय ठेवू दिला नाही. वाडीतली माणसं रस्त्यावर खडी फोडायला गेली, पण जनावर ओढलं नाही. शेवटी गावच थकलं. आपली मेलेली जनावरं आपणच ओढायला लागलं. बा बांध घालायचा. दगडाला दगड असा बसवायचा की पावसाळ्यात खडा हलायचा नाही. गावाला त्याचे बांध हवे होते, म्हणून पुन्हा बोलावलं. पण पाटील विसरला नव्हता.

मला नाही म्हणता येत होतं. हे मी कुणापासून लपवत नाही. पाटलानं माझा हात धरला नव्हता. मी मनात म्हटलं, तासाभराचं काम. मग मुंबई. मग मला कोण विचारतंय.

ओढ्यावरून परत आलो. पाटलीणबाईनं लांबून हातावर पाणी घातलं. पाटलानं माझ्यासमोर फॉर्म भरला. वर्तणूक चांगली. खाली सही. मी त्याला वाकून नमस्कार केला. तोही मीच केला, कुणी सांगितलं नव्हतं.

बा संध्याकाळी कामावरून आला. त्याला वाटेतच कळलं होतं. दारात उभं राहून विचारलं,

"कुणाची?"

"पाटलाची."

"कशापायी?"

"फॉर्मापायी."

 त्यानं हात धुतले नाहीत, जेवला नाही. आयनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. मी मुंबईला निघालो त्या दिवशी आय पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आली. बा बांधावर गेला होता.

मुंबईत प्रशिक्षण सुरू झालं. सकाळी परेड, दुपारी वर्ग. खाकी अंगावर आली तेव्हा आरशात स्वतःला बघितलं, आणि आवडलो मी मला. खरं बोलायचं तर त्या दिवसांत मी वगार विसरलो होतो. विसरायला फार कष्ट पडले नाहीत.

मग एक दिवस कायद्याचा तास होता. शिकवणारे साहेब अट्रॉसिटीचा कायदा सांगत होते. अनुसूचित जातीच्या माणसाला वेठीला लावणं हा गुन्हा आहे, लिहून घ्या, म्हणाले. आम्ही लिहून घेतलं. साहेबांनी विचारलं, "वेठ म्हणजे काय? कुणी उदाहरण देईल?"

मागून एकजण म्हणाला, "हे जुन्या काळी चालायचं, सर."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्याच आठवड्यात बहिणीचं पत्र आलं. ती नववीत होती. अक्षर गोल, पण त्या पत्रात सगळं वाकडं झालेलं. लिहिलं होतं की गावात एकाची गाय मेली. पाटलाची माणसं वाडीत आली. बाला म्हणाली, तुझा पोलीस पोरगा ओढतो, मंग तू कोण लागून गेलास? बा नाय म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं बांधाचं काम बंद. वाडीतलीच माणसं दारात येऊन बोलून गेली, तुझ्याच घरातनं चालू झालं हे. शेवटी वाडीतले दोन म्हातारे गेले आणि गाय ओढून आले. दादा, बा कुणाशी बोलत नाय. बाहेर पन जात नाय.

मी पत्र बराकीत वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, ओढलं ते मी, लाज माझी, ती मी माझ्याबरोबर मुंबईला घेऊन आलो. तसं नव्हतं. लाज मी मागे ठेवून आलो होतो. त्या दोन म्हाताऱ्यांच्या खांद्यावर. बापानं उभ्या आयुष्यात जे एक काम केलं होतं, ते मी एका दुपारी मोडलं. शाळेसमोरून, देवळासमोरून, दुकानासमोरून.

प्रशिक्षण संपलं. शपथ झाली. इतरांचे आईबाप आले, फोटो काढले. माझं कुणी आलं नाही. मी बोलावलंच नव्हतं.

पहिली रजा मिळाली तसा निघालो. वीर स्टेशनला रेल्वेतून उतरलो, रिक्षानं महाड, तिथून एसटी. घरी पोचलो तेव्हा बा अंगणात बसला होता. दाढी वाढलेली. मी समोर उभा राहिलो.

"बा, ठाण्यात चल माझ्यासंगं."

"कशाला?"

"पाटलावर केस घालायची हाय."

तो उठला, सदरा घातला.

ठाण्यात हवालदारानं मला ओळखपत्रावरून ओळखलं. "मुंबईला आहात होय? आपलेच की. बसा." चहा सांगितला. मी सांगायला सुरुवात केली. तो लिहीत होता. वगारीपाशी आलो तसा त्याचा पेन थांबला. त्यानं दार नीट लोटून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

"हे बघा, हे लिहिलं तर तुमच्या पडताळणीवर प्रश्न येईल. तुमची नोकरी अजून कायम नाही. गायीचं तेवढं लिहू. तुमचं राहू दे."

वाईट माणूस नव्हता. मला वाचवायलाच बघत होता. आणि मला मोह झाला. खरंच झाला. गायीचं लिहिलं तरी पाटील अडकला असता, मी सुटलो असतो. पण गाय कशामुळे ओढली गेली, हे मग त्या कागदावर कुठेच आलं नसतं.

"लिहा," मी म्हटलं.

"काय लिहू? ओढायला लावली, की ओढली?"

"दोन्ही लिहा. लावली त्यानं. ओढली मी."

जबाब लिहून झाल्यावर त्यानं नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवला. बा बाकावर बसून ऐकत होता. माझ्याच तोंडचे शब्द दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना माझे कान तापले. मान वर होईना. तशीच सही केली.

एसटीत बा माझ्याशेजारी बसला. घाटाखालच्या वळणावर म्हणाला, "हे त्या दिशी बोलायचं होतंस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

पुढचं थोडक्यात. मुंबईत माझी चौकशी झाली. नोकरीत कायम व्हायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला, पण नोकरी राहिली. पाटलाचं पद गेलं. कोर्टात त्या दोन म्हाताऱ्यांनी सांगितलं, आम्हाला कुणी लावलं नाही, आम्ही आपखुशीनं गेलो. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना तिथंच राहायचं होतं. बाचं काम गावात पुन्हा सुरू झालं नाही. तो आता महाडच्या बाजूला कामाला जातो. माझ्याशी बोलतो, कामापुरतं.

मागच्या महिन्यात पाटलाचा पुतण्या मुंबईत माझ्या चौकीवर आला. मला साहेब म्हणाला. म्हणाला, "काका आता म्हातारे झालेत. तुमचंही चांगलं चाललंय. कशाला जुनं उकरायचं? कोर्टात एवढंच सांगा की तुम्ही मनानं ओढली. तुम्हीही मोकळे, आम्हीही मोकळे."

मला मोकळं व्हायचं नाही, असं मी त्याला सांगितलं.

पुढची तारीख माझ्या साक्षीची आहे. रजेचा अर्ज दिलाय. समोरचा वकील विचारणार, तुम्हाला कुणी मारलं का, बांधलं का, नाही म्हणता आलं नसतं का? मी सांगणार, आलं असतं. म्हटलं नाही. भ्यालो. आणि ज्यानं माझी भीती ओळखून माझ्याकडून ते काम करून घेतलं, तो हा समोर बसलाय. भर कोर्टात, गावाच्या माणसांदेखत सांगणार. पुढची तारीख पडली तर तेव्हाही हेच सांगणार. त्यातला एक शब्द मी बदलणार नाही.