दळण कुणाचं बंद होतं?

महालिंगअप्पा सरांची आणि माझी पहिली भेट पालमच्या कॉलेजात, राज्यशास्त्राच्या तासाला झाली. विषय होता आंतरराष्ट्रीय निर्बंध. सरांनी पुस्तक मिटले आणि विचारले, "गावानं एखादं घर वाळीत टाकलं, तर आधी दळण कुणाचं बंद होतं?" मग स्वतःच म्हणाले, "राग असतो कारभाऱ्यावर. गिरणीवरून माघारी येती ती घरातली बाई."

मग ते शांतपणे उलगडून सांगू लागले. बलाढ्य देश लढाई टाळून दुसऱ्याचा व्यापार अडवतात, त्याचे बँकांतले पैसे गोठवतात. औषधांना कागदोपत्री सूट असते. पण भ्यालेली बँक त्या व्यवहारालाही हात लावत नाही. राज्यकर्त्याच्या ताटातले तूप मात्र कमी होत नाही. उलट सगळे खापर परक्यांवर फोडून तो अधिकच घट्ट बसतो. निर्बंध सरसकट वाईट, असे अप्पा कधीच म्हणाले नाहीत. मागणी स्पष्ट हवी, मार खऱ्या दोषीला बसावा आणि परतीचे दार उघडे असावे, असे त्यांचे म्हणणे. बातम्यांत 'कडक निर्बंध' ऐकून टाळ्या पिटणारे लोक पाहिले की माझे डोके फिरते ते यामुळेच.

गेल्या वर्षी हे सारे आमच्याच गावात घडले. आमच्या शेजारच्या सखूबाईंच्या मुलाने पुण्यात दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केले. मुलगा पंचांच्या हाती लागेना, म्हणून सजा आईला: घर वाळीत, गिरणीवर दळण बंद. याहून निलाजरा न्याय मी पाहिलेला नाही. कळताच अप्पा एसटीने आले आणि ज्वारीची पिशवी उचलून सखूबाईंबरोबर गिरणीवर गेले.

गिरणीवाला हळूच म्हणाला, "अप्पा, तुमचं म्हणून टाका की. कुणी काय म्हणणार न्हाई."

"माझं कशाला म्हणू? तिचं हाय. तिचं म्हणूनच दळ."

तो तयार होईना. अप्पा पायरीवर बसले. तेवढ्यात दळणाला आलेल्या बायकांनी आपापले डबे उचलले. "आधी सखूबाईचं दळा. तवर आमचं बी नगं." दुपारी गिरणीचा पट्टा फिरला आणि पहिले पीठ सखूबाईंचे पडले.

त्या पंचांपैकी दोघे आज अप्पांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीत आहेत. सखूबाईंच्या हातचे पाणी ते अजूनही घेत नाहीत. अशांचा हार कशाला घेता, असे मी चिडून विचारले. अप्पा म्हणाले, "दार उघडं ठेवावं लागतंय बाबा."

पंचाहत्तरी गाठलेल्या अप्पांना निरोगी शंभरी लाभो आणि त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो. सोहळ्याचा स्वयंपाक सखूबाईच करणार, असे अप्पांनी ठरवले आहे. पंगत आधी आहे, हार नंतर.