आधी खोट सांगा

चौकशीकाकू कोणाच्या बैठकीत बसून चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. कप हातात आला की त्या उठत, 'साखर जराशी कमी झाली' असं काहीतरी पुटपुटत आणि सरळ स्वयंपाकघरात शिरत. घरची बाई 'अहो, मी आणते ना' म्हणत मागे धावायची. तोवर काकूंनी ओटा, मोरी, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि कोपऱ्यात भाजी चिरत बसलेली सून, सगळं पाहून घेतलेलं असायचं. साखर त्यांना नकोच असायची. मधुमेह होता त्यांना.

रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीतल्या मराठी घरांत लग्नाचं स्थळ आलं की ते बघायला आधी काकूंना पाठवत, म्हणून हे नाव. खरं नाव त्यांच्या यजमानांना, नानांनाही जरा आठवावं लागत असेल. त्या घरांतलं कोणी भोसल्यांच्या काळापासून इथलंच, कोणी रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरकडून आलेलं. पण काकूंनी तपासलेलं एखादं तरी माणूस प्रत्येक घरात होतंच. मोबदला त्या घेत नसत. लग्नात पंडरीच्या कापडबाजारातली साडी मिळायची, आणि तिचा काठही त्या उलटा करून बघत. देणाऱ्याच्या तोंडावर.

त्यांची पद्धत ठरलेली होती. 'घर सासूले विचारू नये, सुनेले विचारावं,' हे पहिलं. सासू घर दाखवते, सून घर सांगते. दुसरं म्हणजे, बसल्याबसल्या त्या विचारत, 'आधी खोट सांगा. चांगलं काय ते मी पाहून घेते.' जो 'आमच्याकडे काहीच कमी नाही' म्हणेल, त्याचं स्थळ तिथल्या तिथे बाद. अभनपूरच्या एका धान्यवाल्याने एकदा सांगून टाकलं, की मुलगा तापट आहे, पण जेवला की निवतो. काकूंनी त्याच दिवशी होकार कळवला. तो संसार अजून चालू आहे. जेवण वेळेवर होतं एवढंच.

तिसरा नियम अंतराचा. 'रात्री गाडीत बसलं की सकाळी पोट्टीच्या दारात पोचलं पाहिजे.' एका रात्रीपेक्षा लांबचं स्थळ कितीही सोन्यासारखं असो, काकू बघायलाही जात नसत. का, ते कॉलोनीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो विषय कोणी काढत नसे. त्यांची एकुलती मुलगी, सुधाताई, कोचीनला दिली होती. जावई तिथे बंदरात नोकरीला. ती तापाने आजारी पडल्याची तार आली, काकू आणि नाना निघाले, आणि तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तेव्हापासून दक्षिणेच्या गाडीत काकू बसल्या नव्हत्या.

मी बारावी झाले त्या सुमारास छत्तीसगड वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं होतं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं. ज्याचं शेत रस्त्यालगत, त्याने एक तर प्लॉट पाडले नाही तर कॉलेज काढलं. माझे वडील सिंचन खात्यात. त्यांच्या कचेरीत कोणी भोपाळला जायचं आणि कोणी रायपूरला राहायचं हा घोळ चाललेला, आणि घरी माझा. मी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन बसले होते. डॉक्टरकीच्या परीक्षेत नंबर लागला नाही. वडील म्हणाले, एक वर्ष घरी बस, पुन्हा दे. नाही तर सरळ कॉम्प्युटर घे, जग घेतं आहे.

मला मात्र बायोमेडिकल इंजिनिअरिंग हवं होतं. ह्याला कारण आईचं ऑपरेशन. तिच्या उशाशी नाडी दाखवणारा एक मॉनिटर होता, तो मधूनच बंद पडायचा. नर्स यायची, त्याला एक चापट मारायची, की तो चालू. चार दिवस मी आईकडे कमी आणि त्या डब्याकडेच जास्त बघत होते. चापटीने नेमकं काय जागेवर बसतं, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच्या भरवशावर माझी आई झोपली होती. डॉक्टर व्हायची माझी इच्छा तिथेच संपली. हे मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी पेपर वर केला. धाकटा भाऊ, जो मराठी सगळी समजतो आणि उत्तर हिंदीतच देतो, म्हणाला, "पापा, करने दो ना दीदी को." त्याला माझी खोली हवी होती.

शेवटी ठरलं की चौकशीकाकू म्हणतील ते. कॉलेज बघायला स्थळ बघणारी बाई पाठवायची, ह्यात आमच्याकडे कोणालाच काही वावगं वाटलं नाही. काकूंनी मला स्वयंपाकघरात समोर बसवून घेतलं.

"डॉक्टर होशील?"

"नाही."

"मंग इंजिनिअर?"

"हो, पण दवाखान्यातला."

"म्हणजे घरजावई. राहाचं दवाखान्यात, पण घर डॉक्टरचं. बरं बरं. मान कमी, काम लई. चालते तुले?"

चालतं म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या व्यवसायाची याहून चोख व्याख्या मला कोणी सांगितलेली नाही.

पहिलं कॉलेज अभनपूरच्या रस्त्यावरचं. मालकाची मूळची राईस मिल. बायोमेडिकलची शाखा त्याच वर्षी उघडत होती, आणि बस आमच्या कोपऱ्यावरून. वडिलांना ते बसमुळेच पसंत होतं. प्राचार्यांनी वडिलांना, काकूंना आणि मला प्रयोगशाळा दाखवली. मधोमध एक मोठं यंत्र, त्यावर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच. काकूंनी प्लास्टिकवरून बोट फिरवलं आणि धुळीकडे बघितलं. मग नेहमीचा प्रश्न, हिंदीत. प्राचार्य हसून म्हणाले, "कोई कमी नहीं है, माताजी." फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या शाखेची दोन पोरं उभी होती. काकूंनी त्यांना गाठलं. बायोमेडिकलचं शिक्षण कसं आहे हो इथे? एकजण म्हणाला, "आंटी, उसमें तो अभी कोई है ही नहीं."

परतीच्या बसमध्ये काकूंनी निकाल दिला. "भाऊ, त्या घरात अजून सूनच आली नाही. विचारू कोणाले? आन् ज्याले आपली खोट माहीत नाही, त्याच्या घरी पोट्टी देऊ नये." वडिलांचं तोंड उतरलं.

नागपूरच्या कॉलेजात माझा नंबर लागला नाही. उरलं ते एकच, तामिळनाडूतलं. शाखा जुनी, माझे गुण पुरत होते. पण संध्याकाळी रायपूरहून बसायचं, दुसरा दिवस अख्खा गाडीत काढायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. वडील निर्धास्त झाले. काकू नाही म्हणणार हे पंचांगात छापल्यासारखं होतं, आणि मग मी घरी बसून डॉक्टरकीची परीक्षा पुन्हा देणार होते. मला ते कॉलेज हवं होतं, आणि ते काकूंच्या दुःखाच्या वाटेवर होतं. हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

मी सांगितलं नाहीच. काकूच एका सकाळी आल्या आणि आईच्या ओट्याला टेकून म्हणाल्या, "मी पाहून येते. न पाहता नाही म्हणाची आपली रीत नाही." नाना मागे दारात उभे होते. त्यांनी नुसतं आईकडे बघितलं.

वडील, काकू आणि मी असे तिघे निघालो. काकू खिडकीशी बसल्या. एरवी डब्यातल्या चार कुटुंबांची वंशावळ काढणारी बाई. त्या प्रवासात त्यांनी पोळ्या आणि जवसाची चटणी काढून दिली, तेवढंच बोलल्या. दुपारी एका मोठ्या नदीवरून गाडी गेली तेव्हा डोळे मिटून घेतले. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, संपलं.

कॉलेजात त्या आधी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेल्या. आचाऱ्याची भाषा ह्यांना कळेना, ह्यांची त्याला. त्याने वाटीत रस्सम दिलं, ते उभ्यानेच प्यायल्या आणि मान हलवली. मग प्राध्यापकांना खोट विचारली. ते अवघडलेल्या हिंदीत म्हणाले, आमचं स्वतःचं रुग्णालय नाही, मुलं बसने सरकारी इस्पितळात जातात. यंत्रं जुनी आहेत, इस्पितळांनी टाकून दिलेली. मुलं ती उघडतात, बिघाड शोधतात, काही चालू होतात, काही होत नाहीत. दरवर्षी कोणीतरी रडतं, की आम्हाला भंगार शिकवता. आणि पास झाल्यावर पुष्कळांना सुरुवातीला यंत्रं विकत फिरावं लागतं. टेबलावर एक मॉनिटर पोट फाडून ठेवलेला होता, अगदी आईच्या उशाशी होता तसला. मी तिथून हलेना.

"लई खोट सांगितली," काकू बाहेर येऊन म्हणाल्या. त्या खूश होत्या.

मग त्यांनी सून शोधली. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, अकोल्याची. मराठी ऐकून ती धावतच आली. काकूंनी तिला पायरीवर शेजारी बसवलं. अभ्यास, जेवण, मास्तर, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "तुही माय बिमार पडली तर काय करशील?"

"मागच्या वर्षी पडली होती काकू. गेले ना."

"कवा पोचली?"

"तिसऱ्या दिवशी."

काकूंनी पदराचं टोक हातात घेतलं. "मंग? माय होती?"

"होती की. मलाच रागावली, काहून आली म्हणून."

काकू बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ती बिचारी बावरून माझ्याकडे बघायला लागली. मग काकू उठल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, द्या पोरीले इथं."

"पण वहिनी, तुमचा नियम..."

"नियम माहा आहे. त्याचं काय कराचं ते मी पाहीन."

मी निघाले त्या दिवशी स्टेशनवर त्यांनी मला एकच सांगितलं. "सुट्टीत आली की मले तिथली खोट सांगजो. चांगलं सांगू नको, ते मी पाहिलं आहे." आणि दर सुट्टीत मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कॉलेजची खोट सांगत असे. इथलं पाणी जड आहे, इलेक्ट्रॉनिक्सचे मास्तर पुटपुटतात, इस्पितळातले डॉक्टर आम्हाला मेकॅनिक म्हणतात. काकू ऐकून घेत आणि पुढच्या पालकांना माझ्याकडेच धाडत. "आता ही सून आहे त्या घरची. हिले विचारा." घरजावयाची सून कधी झाले, मलाही कळलं नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना आईचा फोन आला, की काकूंना हृदयविकाराचा झटका आला आहे. मी तशीच निघाले. त्या गाडीत मी पूर्वी पुष्कळदा बसले होते, पण तिच्यात दीड दिवस काय असतो हे मला त्या वेळी कळलं. खिडकीशी बसून मी सुधाताईचा विचार करत होते, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. नदी आली तेव्हा मीही डोळे मिटले.

स्टेशनवरून थेट दवाखान्यात गेले. काकू होत्या. छातीला वायरी, उशाशी मॉनिटर. मी खोलीत शिरले आणि सवयीने आधी मॉनिटरकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"आधी सुनेले पाहिलं," त्या मॉनिटरकडे डोळ्यांनी खूण करत हळूच म्हणाल्या, "मंग सासूले. शिकली पोट्टी."

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. त्यांनी माझा हात धरला. "कोणता दिवस आज?"

"तिसरा."

"मी बी तिसऱ्याच दिवशी पोचली होती," काकू म्हणाल्या. सुधाताईबद्दल त्या माझ्याशी बोलल्या त्या एवढ्याच. मग डोळे पुसून म्हणाल्या, "काहून आली? परीक्षा नाही का तुही?"

त्यातून त्या बऱ्या झाल्या आणि काही वर्षं राहिल्या. पुढे गेल्या तेव्हा मी चेन्नईत नोकरीला होते. ह्या वेळी विमानाने आले, त्याच दिवशी पोचले, आणि त्या नव्हत्या. अंतराचा हिशेब असा कोणाच्या नियमात बसत नाही, हे मला मान्य आहे. तरी त्या दिवशी मी सगळ्यांवर चिडले होते, विमानावरसुद्धा.

पण मला आठवतो तो त्याआधीचा एक दिवस. मी सुट्टीवर आले होते आणि त्यांच्या ओट्याशी लसूण सोलत होते. कॉलोनीतली एक बाई मुलीसाठी आलेलं स्थळ घेऊन आली होती. मुलगा चांगला, घर चांगलं, पण कोचीनला असतो. बोलून गेल्यावर त्या बाईला आपण कोणासमोर काय बोललो ते कळलं आणि तिने जीभ चावली. नाना बाहेर पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला.

ते स्थळ काकूंच्या कानावर आधीच आलं होतं, आणि त्या घराची सगळी चौकशी त्यांनी करून ठेवलेली होती. "कराच," त्या म्हणाल्या.

"पण काकू, इतक्या लांब?"

"लांब आहे," काकू म्हणाल्या. "तेवढीच खोट आहे. बाकी मी पाहिलं आहे."