साडूभाऊंनी कापलेलं कडवं

जपानमधल्या कंपन्यांना चार शब्द तोंडावर सुनावू शकतील असे गृहस्थ अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होते आणि ते माझे थोरले साडू होते, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे हे यजमान. सेलूला मोंढ्याच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. तिथं ते रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत आणि गिऱ्हाईक यादी आणून देईल त्या गाण्यांच्या कॅसेटी भरून देत. शिक्षण दहावीच्या अलीकडेच कुठंतरी थांबलेलं, पण मतं थेट टोकियोपर्यंत पोचलेली. उघड्या टेपरेकॉर्डरमध्ये डोकावून ते आधी हेडमास्तरासारखं ‘च्च’ करीत आणि मग मला जवळ बोलावीत. “स्क्रू बघा साडूभाऊ. चार जागी चार. तिनात भागलं असतं. जपानी मानूस लय हुशार हाय, पर त्याला आवरतं घेता येत न्हाई.” हे ऐकून आतून अक्का हसायची, कारण सकाळी सुरू केलेला विषय दुपारच्या जेवणाच्या ताटापर्यंत न आवरणारे गृहस्थ तिच्या घरात दुसरे कुणी नव्हते.

मी परभणीला शाळेत इंग्रजी शिकवायचो. साडूभाऊंच्या दृष्टीनं या विद्येचा उपयोग एकच होता, तो म्हणजे त्यांची पत्रं जपानला धाडणं. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. सेलूत जिनिंगमधून कापूस उडतो, तो यंत्राच्या पोटात जाऊन बसतो, तरी झाकणाला आतून एक रबराची कड लावावी, असा सल्ला आम्ही एका मोठ्या कंपनीला दिला होता. मधेच शिष्टाचार म्हणून मी ‘कृपया’ घातलं तर ते खोडायला लावीत. “कृपया कशाला? फायदा त्यांचा हाय.” तीन महिन्यांनी कंपनीकडून एक रंगीत माहितीपत्रक आलं. त्यात रबराचं नावही नव्हतं, पण साडूभाऊंनी त्याला काच लावून ते दुकानात टांगलं आणि कंपनीनं आपलं म्हणणं कबूल केलं असं जाहीर केलं. पुढं कधी कुणी उलटतपासणी केलीच तर ते नुसतं त्या काचेकडं बोट दाखवत. येलदरी धरणाचं पाणी खाली गेलं की वीज मंदावते आणि वीज मंदावली की भल्याभल्या गायिकांचा आवाज म्हाताऱ्या पुरुषासारखा होतो, हेही जपान्यांना कळवायचं होतं. ते पत्र मी टाळत राहिलो.

गाणं कुणाचं, या विषयावर तर त्यांची मतं अशी पक्की होती की वकिलानं येऊन शिकावं. “गानं एकदा भोंग्यातून बाहेर पडलं की ते हवेचं झालं. हवा कुनाच्या नावावर हाय का सातबाऱ्यात?” असं म्हणून ते दिवसाला दहा कॅसेटी निवांत भरीत. हीच हवा स्टेशनाजवळच्या एका नव्या दुकानदारानं खाल्ली तेव्हा मात्र गहजब झाला. त्यानं साडूभाऊंनी भरलेल्या कॅसेटीवरून जशाच्या तशा कॅसेटी भरल्या. साडूभाऊ भर बाजारात त्याला जाब विचारायला गेले, सोबत साक्षीदार म्हणून मला नेलं. तो म्हणाला, “गानी काय तुमच्या घरची हायत?” साडूभाऊ क्षणभरही अडले नाहीत. “गानी न्हाईत. निवड माझी हाय. कोनत्या गान्यामागं कोनतं गानं लावावं, ही अक्कल हवेतनं येत न्हाई.” तेव्हापासून ते प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात घोषणा भरू लागले. पाऊण मिनिटाची. त्यात दुकानाचा पत्ता, स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि शेवटी दरडावून, “नक्कल करू नये.”

आता साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. त्यात घोषणा बसवायची, शिवाय गिऱ्हाइकाला यादीपेक्षा एक गाणं जास्त द्यायचं हा त्यांचा बाणा. दोन्ही जमवायचं तर कुठंतरी कात्री लागणारच. ती त्यांनी शेवटच्या कडव्याला लावली. गाणं संपत आलं की त्यांचं बोट बटणावर जायचं आणि शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आत खट्कन आवाज व्हायचा. त्यामागंही विचार होता. “तिसऱ्या कडव्यात मानसाचं सगळं सांगून होतं. शेवटचं कडवं म्हंजे पाव्हन्यानं दारात चपला घालत मारलेल्या गप्पा.” जिल्हाभर कितीतरी घरांत गाणी अशी तीन कडव्यांवर चालत होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर माझीही नव्हती.

त्याच सुमारास बसस्टँडसमोर कुणीतरी व्हिडिओ गेमचं एक भलंमोठं यंत्र आणून ठेवलं. पडद्यावर वरून शत्रूची विमानं येत, खालून आपण ती पाडायची. साडूभाऊ पहिल्या दिवशी गेले, दोन मिनिटांत मेले आणि दुकानात येऊन निकाल दिला, “ह्या यंत्राला हरवता येत न्हाई, नुसतं दमवता येतं. आन यंत्र तर दमत न्हाई. मंग मानसानं काहून खेळावं?” जो जास्त गुण मिळवील त्याच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं ते यंत्र पडद्यावर सगळ्यांत वर ठेवी आणि लाईट गेली की सगळी नावं पुसून टाकी. याची तर त्यांनी फारच टर उडवली. “बिनइमानी यंत्र. ज्याला नाव जपता येत न्हाई त्यानं लिहून तरी कशाला घ्यावं?” हे वाक्य मी तेव्हा हसून ऐकलं होतं. नंतर ते त्यांच्याच अंगावर आलं.

पूर्णेला रेल्वेत गँगमन असलेले किसनराव स्वतः गाणी रचत आणि गात. विद्यापीठाच्या नामांतराच्या सभा असोत की चौदा एप्रिल असो, त्यांची गायनपार्टी ठरलेली. गळा असा, की माईक बंद पडला तरी मागच्या माणसाला उठून पुढं यावं लागत नसे. साडूभाऊंनी त्यांना एका जयंतीत ऐकलं आणि मिनतवारी करून सेलूला आणलं. दुकानाचं शटर ओढून, बाहेरच्या बैलगाड्या थोपवून, त्यांनी किसनरावांचं एक गाणं भरलं. गाणं आईवर होतं. आई दिवसभर रुळाशेजारी खडी फोडते आणि संध्याकाळी त्याच खडीतला एक दगड घेऊन, पाटी नाही म्हणून, घरापुढच्या फरशीवर लेकाकडून अक्षरं गिरवून घेते. मी तिथं होतो. गाणं संपल्यावर साडूभाऊंनी ते पुन्हा पहिल्यापासून वाजवून ऐकलं. मग त्यांनी मूळ कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये. “हे गानं गावोगाव गेलं पायजे,” ते म्हणाले. किसनराव खूश होऊन पूर्णेच्या गाडीत बसले.

आणि गाणं खरोखर गेलं. जिंतूर, मानवत, पाथरी, जिथं जावं तिथं वाजू लागलं. वर्षाच्या आत एका शहरातल्या कॅसेट कंपनीनं ते दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलं, बासरीबिसरी घालून बाजारात आणलं. कॅसेटच्या कागदावर गीतकाराच्या जागी छापलं होतं, ‘पारंपरिक’. साडूभाऊ पेटलेच. शहरातल्या कंपन्या कशा चोर असतात यावर ते मला आणि दोन गिऱ्हाइकांना भाषण देत असतानाच किसनराव दुकानात आले. ते शांत होते. म्हणाले, “त्यांचं काय म्हननं हाय ते मी इचारून आलो. त्यांनी चार गावच्या चार कॅसेटी आनून बघितल्या. कशातच नाव न्हाई, म्हने.”

“नाव कुठं असनार? गान्यात नाव असतं का?” साडूभाऊ म्हणाले.

“शेवटच्या कडव्यात असतं,” किसनराव म्हणाले. आमच्याकडं शाहिरी गाण्याचा रिवाज आहे, रचणारा आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. तीच त्याची सही आणि तोच त्याचा हक्क. हे सेलूतलं शेंबडं पोरही सांगेल. साडूभाऊंनाही ते ठाऊक होतंच, पण शेकडो शेवटची कडवी कापताना त्यांच्या बोटाला ते आठवलं नव्हतं. किसनरावांचंही कडवं त्यांनी इतरांसारखंच कापलं होतं.

“माझ्या नावाचं ऱ्हाऊ द्या,” किसनराव म्हणाले. “‘रखमाईचा किसन सांगे’ असं व्हतं त्यात. पुऱ्या गान्यात आईचं नाव तेवढ्या एकाच जागी व्हतं. एका नावासाठी आमी किती वर्सं झगडायलोत, तुमाला ठावं हाय. आन तुमच्या घोषणेला जागा व्हती.”

ते आवाज न चढवता हे बोलले आणि चहा न घेता गेले. मला फार लाज वाटली, कारण ते गाणं मीही माझ्या घरी तीन कडव्यांचंच ऐकत आलो होतो आणि समोर बसून चारही ऐकलेली असून मला काही कमी असल्याचं जाणवलं नव्हतं.

त्या दिवशी साडूभाऊंनी मला आणखी एक पत्र सांगितलं. जपानला नाही, त्या कंपनीला. गाणं किसनरावांचं, मूळ कॅसेट माझ्याकडं आहे, सोबत तिची पूर्ण प्रत जोडली आहे, शेवटचं कडवं मी माझ्या हातानं कापलं, चूक माझी. मी पेन खाली ठेवलं. त्यांच्या दुकानात त्याच कंपनीची गाणी बिनपरवाना भरली जात होती आणि हे पत्र म्हणजे स्वतःच्या हातानं दिलेला कबुलीजबाब होता. अक्काही दारात येऊन उभी राहिली. तिलाही ते कळलं होतं. मी म्हणालो, “साडूभाऊ, दुकान जाईल. नाव न घालता लिहू.” तर ते म्हणाले, “बिननावाचं कितीदा करायचं आता?” आणि पेन परत माझ्या हातात देत म्हणाले, “ह्याच्यात ‘कृपया’ घाला.”

कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. आपल्या म्हणण्याचा विचार करू आणि दरम्यान आपण कोणाच्या परवानगीनं कॅसेटी भरता ते कळवावे, असं त्यात होतं. साडूभाऊंनी दुसऱ्याच दिवशी पाटीवरची ‘कॅसेटी भरून मिळतील’ ही ओळ खरवडून काढली. खालची दुरुस्तीची ओळ तेवढी राहिली आणि घरातला खर्च अक्काच्या शिलाई मशीनवर आला. त्या गाण्याची कॅसेट ज्यांनी नेली त्यांनी ती परत आणावी, चौथं कडवं भरून मिळेल, असा कागद त्यांनी दारावर डकवला. लोक येईनात तेव्हा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ते एसटीनं गावोगाव फिरले. कॅसेटच्या पाठीचे तुकडे मोडलेले असले तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची, सुरुवातीची स्वतःची घोषणा पुसायची आणि तेवढ्याच जागेत शेवटचं कडवं भरायचं, मग ते गाण्याच्या आधी वाजलं तरी चालेल. काही जणांनी आनंदानं भरून घेतलं. पुष्कळांनी सांगितलं की आता तिनाचीच सवय झाली, आहे ते बरं आहे. कंपनीनं नाव काही छापलं नाही.

किसनराव पुढं सेलूला येऊ लागले, चहाही घेऊ लागले, पण साडूभाऊंची मतं मात्र कमी झाली ती झालीच. उघड्या यंत्रात पाहून ते ‘च्च’ करीत आणि पुढं काही बोलत नसत. मला त्यांच्या त्या आगाऊ मतांची इतकी सवय होती की ही शांतता मला सहन होत नसे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी साडूभाऊ म्हटलं की मला बसस्टँडवरची एक दुपार आठवते.

मी परभणीहून उतरलो तर साडूभाऊ त्या गेमच्या यंत्रासमोर वाकून उभे. दोन मिनिटांत मरणारे गृहस्थ आता सराईतपणे विमानं पाडत होते, घाम पुसायलाही हात सोडत नव्हते. डाव संपला तशी पडद्यावर आलेली यादी मी वाचली. सगळ्यांत वर आर, के, एम. त्याखाली के, एस, एन. मला वाचता आलं तरी मी विचारलं. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “वर रखमाई. खाली किसनराव. रोज दोनदा जिंकावं लागतं.”

“आणि तुमचं?”

“माझं लय झालं.”

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला आणि दोन्ही नावं गेली. मी म्हणालो, चला, अक्का जेवायला थांबली असेल. ते हललेही नाहीत. एक हात तसाच दांड्यावर ठेवून म्हणाले, “येऊ द्या लाईट.” मग मीही पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.