सुट्टीच्या दिवशी मोजलेला रनिंग टाइम

भरलेली बस पवईत रस्त्याच्या मधोमध थांबली होती. ड्रायव्हर सावंत हँडब्रेक ओढून पोट धरून बसला होता. अचानक ब्रेक लागल्याने एका बाईच्या कपाळाला खोक पडली होती. मागून हॉर्न, आत शिव्या. हे सगळं मी मुलुंडच्या डेपोत कंडक्टरने केलेल्या फोनवर ऐकत होतो.

निदान झालं मूतखड्याचं. आठवड्याने चौकशी लागली. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर आणि मी, समोर सावंत.

"पाणी का पीत नाही? डॉक्टरांनी लिहिलंय," मॅनेजर म्हणाले.

"पिऊन जाऊ खंय, साहेब? अंधेरीला पोचतो, तर परत सुटायची वेळ झालेली. ह्यांना तीनदा सांगितलं."

सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "गाडी जरा दामटा ना, सावंत."

गाड्यांचं वेळापत्रक मी बनवतो. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ म्हणजे रनिंग टाइम. तो कमी धरला, की ड्रायव्हरची शेवटच्या स्टॉपवरची विश्रांती ट्रॅफिकमध्येच संपते. कागदावर सावंतला दहा मिनिटं होती.

"टायमिंग बरोबर आहे ना?" मॅनेजरांनी मला विचारलं.

त्या रूटची मोजणी मी सुट्टीच्या दिवशी सकाळी केली होती. रस्ता मोकळा, काम लवकर उरकलं. फॉर्मवर वार लिहिला मंगळवार.

"बरोबर आहे, सर."

ठपका सावंतवर आला. त्याचं स्टेअरिंग गेलं, गेटवर ड्यूटी लागली. वीस वर्षं त्याने बस चालवली होती.

पुढच्या मंगळवारी मी गुपचूप त्या बसमध्ये बसलो. पंचवीस मिनिटं जास्त लागली. 'रस्त्याची कामं' असं कारण दाखवून टायमिंग बदललं. अंधेरीत स्टॉपजवळच्या हॉटेलवाल्याला सांगून टॉयलेटची सोय केली. ड्रायव्हर पाणी पिऊ लागले, वाटेतली भांडणं कमी झाली. मॅनेजरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं.

संध्याकाळी गेट उघडताना सावंत म्हणाला, "बरं केलंत, साहेब. पोरं सुटली." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तरी लेखी कबुली द्यायला मला आठ महिने लागले.

"आता कशाला उकरताय? फाइल बंद झालीय," मॅनेजर वैतागले.

"उघडा, सर."

मला मेमो मिळाला. सावंतच्या रेकॉर्डवरचा ठपका निघाला. स्टेअरिंग मिळालं नाही. तोवर एक किडनी गेली होती आणि मेडिकलमध्ये तो अनफिट ठरला.

नव्याने या कामाला लागणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: रनिंग टाइम कामाच्या दिवशी, भरल्या बसमध्ये बसून मोजा. आणि निघताना बाटलीभर पाणी पिऊन निघा.