गणिताच्या पेपरला निघालेली जीप

आमच्या तांड्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरी माझी धाकटी बहीण व्हावी असं मी मनाशी धरलं होतं. पण बारावीला तिचं गणित राहिलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "भिया, जुलैत एकदाच बसीन. त्यात राह्यलं तर पुन्हा पुस्तकाले हात लावनार नाही." घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोलीच बोलतो, भिया म्हणजे भाऊ; इथं सगळ्यांना कळावं म्हणून घरचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो. ती बोलली की तसंच करणारी आहे. त्यामुळे मला गणिताची भीती कमी आणि तिच्या शब्दाची जास्त होती.

तांड्यापासून बोरी अरबच्या डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या मातीची वाट आहे, मध्ये नाला. जुलैत त्या वाटेवर मोटारसायकलच्या मडगार्डात चिखल असा ठासून बसतो की चाक फिरत नाही. चालते ती फक्त आमची जुनी डिझेल जीप, तीही चढावर फोर-व्हीलचा दांडा टाकला तरच. परीक्षेचं केंद्र दारव्ह्याला. सगळी भिस्त जीपवर, आणि जीपला नेमका त्याच पावसाळ्यात रोग लागला होता.

रोग असा. एका झटक्यात चालू व्हायची, तांड्याबाहेर ठणठणीत पडायची. नाल्यापलीकडचा चढ लागला, फोर-व्हील टाकली, की थोड्या वेळानं दम तुटायचा. जितकं दाबावं तितकी मंदावायची आणि कुणी गळा आवळल्यासारखी बंद. मग बोनेट उघडायचं, थांबायचं. बा, म्हणजे आमचे वडील, टाकीत काडी घालून डिझेल पाहायचे, कारण काटा कधीचाच मेलेला. डिझेल भरपूर असायचं. पुन्हा चावी फिरवली की काही झालंच नाही अशी सुरू.

यावर तांड्यात ज्याचं त्याचं निदान होतं. बा म्हणायचे, "फोर-व्हीलच खराब हाये, टाकली का बसते." काका म्हणायचे, "म्हाताऱ्या बैलावानी हाये ते, जरा दम घेऊ द्या." दारव्ह्याच्या मिस्त्रीनं फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली, पाइप फुंकले, डिझेल ओढणारा पंप तपासला. त्याच्यापुढे ती कधी बंद पडून दाखवायचीच नाही. गॅरेजभोवती चक्कर मारली की शहाण्या पोरीसारखी परत.

पेपरच्या आदल्या दिवशी मी कॅन आणून टाकी काठोकाठ भरली. निदान डिझेलची चिंता नको. सकाळी लवकर निघालो. बहीण शेजारी, कंपासपेटी मांडीवर. बा मागं, "धक्का माराले मानूस पाह्यजेच" म्हणत बसलेले. नाला ओलांडला आणि चढाला लागताच जीप गचकली. नेहमीपेक्षा बरीच आधी.

बोनेट उघडलं. थांबलो. चावी फिरवली. नुसतं घरघरली. पुन्हा थांबलो, पुन्हा तेच. आजवर असं कधी झालं नव्हतं. थांबलं की ती सुरू व्हायचीच.

"भिया, तुह्या डिग्रीले धक्का मारा लागते का?" बहीण म्हणाली. आवाज चेष्टेचा होता, पण तिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. "नाई तर मी चालली पायी."

"थांब वं," बा म्हणाले. "गुडघाभर चिखलातून जाशीन अन् पेपरात काय चिखल लिहिशीन?"

फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून मी इंजिनाजवळचा, डिझेल वर ओढायचा छोटा हातपंप मारून पाहिला. एरवी दोन-चार वेळा मारला की तिथून डिझेल येतं. आज पंपाचा दांडा वर ओढताना इतका जड, जणू खालून कुणी धरून ठेवलाय. स्क्रूपाशी थेंब नाही. म्हणजे इंजिन ठीक, फोर-व्हीलचा संबंध नाही, टाकी भरलेली, पण टाकी डिझेल सोडत नव्हती.

मी चिखलात उभा राहून विचार केला. रोज बोनेट उघडतो, आजही उघडलं. रोज थांबतो, आजही थांबलो. आज काय केलं नाही?

काडी घातली नव्हती. टाकी भरलेली म्हणून बा जागचे उठलेच नव्हते.

मी मागं जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. ते चिकटून बसलं होतं. जोर लावून उघडलं तशी आतमध्ये हवा घुसली, सूंऽऽ करून, इतक्या जोरात की बहिणीनंही ऐकलं. झाकण उलटं करून पाहिलं. आत काळ्या रबराची गोल चकती घट्ट बसवलेली. मी कितीदा झाकण उघडलं असेल, पण रबर काळं, झाकणाची आतली बाजूही काळीच. ती कंपनीचीच असावी असं समजत आलो होतो. आज नीट पाहिलं तर तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा शिवणीचा पट्टा स्पष्ट दिसत होता.

"बा, हे काय हाये?"

बांनी जवळ येऊन चकतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पेरनीच्या टायमाले नाल्यात डिझेल उसळून सरकीच्या थैल्यांवर सांडत होतं. म्हून बसवली."

ही त्यांची जुनी रीत. कपाशी फवारताना पंपाच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून औषध पाठीवर गळतं. पाठ एकदा चांगलीच भाजली, तेव्हापासून ते छिद्र ट्यूबच्या चकतीनं बंद करतात. पुढं घरातल्या प्रत्येक झाकणाला चकती आली. जीपच्या झाकणालाही हवेचं छिद्र होतं, तेही बुजलं. डिझेल जाईल तशी आत हवा यायला वाट नाही, मग टाकी उरलेलं डिझेल आतच ओढून धरते. टाकी भरलेली असली की वरची हवा थोडीच, म्हणून आज लवकर गळा आवळला.

हे मी सांगायच्या आधीच बांनी कपाळावर हात मारला. "अरे, फवारताना मी मधून मधून झाकन ढिल्लं करतोच ना! नाई तर पंप ओढतच नाई. मंग गाडीचं ढिल्लं करतो ते काडी घालतानाच!"

"म्हंजे बा, इतके दिवस तुम्हीच गाडी दुरुस्त करून राह्यलते," बहीण म्हणाली.

"अन् मीच बिघडवून राह्यलतो," बा म्हणाले, आणि आम्ही तिघंही त्या चिखलात खदखदून हसलो.

चकती उपटून काढली. हातपंप आता मऊ चालला. स्क्रूपाशी आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला, चावी फिरवली. एका झटक्यात. चढ, डांबरी रस्ता, बोरी अरब, सगळं मागं पडलं, पण कान इंजिनाकडेच होते. दारव्ह्याला पोहोचलो तेव्हा केंद्राचं फाटक उघडंच होतं. पोरं अजून भिंतीवरच्या यादीत नंबर शोधत होती. बहिणीनं नळावर पाय धुतले, चपला घातल्या, मागं न पाहता आत गेली.

मी लिंबाखाली जीपमध्येच मान टेकली. इंजिन बंद होतं, ते मीच बंद केलं होतं, एवढ्यानंही बरं वाटलं. बा टपरीवरून चहा आणतो म्हणाले. चहा आला की नाही मला माहीत नाही. कुणीतरी खांदा हलवला तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं आणि समोर बहीण उभी होती.

"एकच सोडला," ती म्हणाली. "बाकी सगळे लिहिले. चाल, भूक लागली."