सोळावा आकडा

मंगळवारी सकाळी कागल एमआयडीसीत आमच्या कंपनीत पोचले आणि बॅग ठेवायच्या आधीच आरडाओरडा कानावर आला. पॅकिंगच्या टेबलापाशी आमचे मॅनेजर दिलशादभाभींवर तुटून पडले होते... अख्ख्या शिफ्टसमोर.

आम्ही गिअरबॉक्सची कव्हरं बनवतो. प्रत्येक कव्हरावर नंबराचं स्टिकर असतं, ते स्कॅन करून स्प्रेडशीटमध्ये भरायचं हे गडमुडशिंगीहून येणाऱ्या या भाभींचं काम. ती शीट कस्टमरकडे गेली आणि तिकडून मेल आला... एकच नंबर दहा-दहा वेळा आलाय, हा लॉट आम्ही घेणार नाही!

मॅनेजरांनी निकाल लावूनच टाकला होता. "एकच पीस फुडं ठेवून टुकटुक करत बसलासा न्हवं? उद्यापासनं येऊ नका."

"एकेक उचलून स्कॅन केलाय की ओ साहेब!" भाभी म्हणाल्या. आवाज चढलेला, पण डोळे भरलेले. माझं टाळकंच सरकलं... एवढी जड कव्हरं दिवसभर उचलणारी बाई, आणि तिला कामचुकार म्हणायचं?

मी क्वालिटीत आहे. म्हटलं, आधी शीट तर बघू. नंबर इतके लांबलचक की शेवटाकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. प्रत्येक नंबर शून्यावर संपत होता... झाडून सगळे! अहो, ज्याला काम टाळायचंय तो शून्यवालेच पीस कशाला शोधत बसेल?

याच महिन्यापासून कस्टमरने सोळा आकडी नंबर सुरू केलेत, आधी बारा आकडी होते. शेवटी सात असलेलं एक स्टिकर घेतलं, नंबर हाताने टाईप केला, एंटर मारलं... साताचं शून्य! शीट संख्येतले पहिले पंधराच आकडे सांभाळते आणि पुढच्यांचं खुशाल शून्य करून टाकते. म्हणजे ओळीने नंबर असलेली दहा कव्हरं तिच्या लेखी एकच.

लॅपटॉप उचलला आणि थेट मॅनेजरांपुढे ठेवला. "साहेब, तुम्हीच टाकून बघा." त्यांनी टाकला, शून्य. परत टाकला, परत शून्य. तिसऱ्यांदा तर बटण असं दाबलं की मला कीबोर्डची काळजी वाटली...

"आयला, आकडा खातंय की हे!"

मग शीटमधला नंबरांचा कॉलम संख्येऐवजी टेक्स्ट केला, म्हणजे नंबर जसाच्या तसा राहतो. भाभींनी सगळा लॉट नव्याने स्कॅन केला, मी शेजारी उभी. एकही नंबर दुसऱ्यासारखा निघाला नाही! दुपारी कस्टमरचा ओके आला आणि शॉपफ्लोअरवर जी आरोळी उठली ना... त्यात माझाच आवाज सगळ्यात मोठा होता.

तेवढ्यात मॅनेजर जरा हळू आवाजात म्हणाले, "भाभी, केबिनमध्ये या, बोलायचं हाय."

भाभी जागच्या हलल्या नाहीत. "केबिनात कशाला? जिथं बोललासा तिथंच बोला की."

आणि ते बोलले. मशीनी बंद करायला लावल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं, भाभी." भाभींनी मान डोलावली, स्कॅनर उचलला आणि पुढचं कव्हर ओढलं.

तेव्हापासून कंपनीत सगळे माझं कौतुक करतायत. करा की, मी कुठे नको म्हणतेय... पण खरं सांगू? भाभींच्या जागी मी असते तर गुपचूप केबिनमध्ये गेले असते. थँक्यू, भाभी.