क्लिफ ओल्डरशॉची कानस

क्लिफ ओल्डरशॉबद्दल मी लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. मला लिहिण्याची सवय नाही. पण आमच्या गल्लीत त्याला नीट ओळखणारे आता मोजकेच उरलेत, आणि त्यांच्यापैकी कुणी लिहील असं दिसत नाही. इंग्लंडमधल्या लफबरोच्या या भागातली घरं जोडीजोडीनं बांधलेली आहेत. क्लिफचं आणि माझं घर एकाच भिंतीचं. इकडे नळ सोडला की तिकडे कळतं.

क्लिफ यंत्रांच्या कारखान्यात लेथवर होता. त्याची बायको बेरिल मोज्यांच्या कारखान्यात शिलाईला. क्लिफ निवृत्त झाला आणि दिवसभर स्वयंपाकघरात उभा राहून बेरिलला सुधारणा सुचवू लागला. कप आधी धुवावेत की बश्या, चहाची किटली कुठल्या बाजूला ठेवली की हात कमी हलवावा लागतो, असं काहीबाही. एक दिवस बेरिलनं मला कुंपणावरून हाक मारली.

"डक, याला थोडे दिवस तुझ्याकडे ठेवून घेतोस का? खायला फार लागत नाही."

ती सगळ्यांनाच डक म्हणायची, पोस्टमनलासुद्धा. इकडे म्हणतातच तसं.

"माझ्याकडे जागा नाही, बेरिल."

"मग याला काहीतरी बांधायला सांग. मोठं. गॅरेजात बसून करावं लागेल असं."

गाडीची कल्पना अशी मुळात तिची. लग्नाआधी क्लिफकडे साइडकारची मोटारसायकल होती, आणि तिच्यावरून दोघं मेबलथॉर्पला समुद्रावर जायची. घर घेताना ती विकली. पुढेही दर उन्हाळ्यात दोघं मेबलथॉर्पला गेलीच, पण साध्या चारचाकीतून. बेरिलला पुन्हा एकदा उघड्यावर बसून, डोक्याला रुमाल बांधून तिथे जायचं होतं. तिची मागणी एवढीच होती. मूलबाळ नव्हतं, मोठे खर्च नव्हते. क्लिफनं सुट्या भागांची एक गाडी मागवली. लांब नाकाची, दोघांपुरती, छप्पर नसलेली.

खोकी आली तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. लग्नाच्या फोटोत आहे तसाच होता.

सांगाडा, चाकं, इंजिन असं एकेक बसत गेलं. आसनांची कातडी बेरिलनं जेवणाच्या टेबलावर शिवली. तिच्या बाजूच्या आसनासाठी क्लिफनं एक खटाटोप केला. कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत दोन रसायनं मिसळून ओतली की त्यांचा फेस फुगतो. तो घट्ट होईपर्यंत वर माणसानं बसून राहायचं, म्हणजे आसन त्याच्याच अंगाच्या मापाचं होतं. बेरिल पिशवीवर बसली. मी घड्याळ धरून उभा होतो.

"हलू नकोस," क्लिफ म्हणाला.

"अरे, हे गरम होतंय."

"होणारच. हलू नकोस."

"सगळा जन्म मला ऊठ, ऊठ म्हणत आलास. आता म्हणे हलू नकोस." ती हसायला लागली, आणि क्लिफ ओरडला की हसू पण नकोस. आसन सुकलं तेव्हा पाठीपाशी एक लहानसा उंचवटा राहिला होता. तो त्या हसण्याचा. क्लिफला तो कापून टाकायचा होता. बेरिलनं कापू दिला नाही.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी व्हावी लागते. तिच्यातला जाचक नियम कडांचा. गाडीचा कुठलाही कोपरा हाताला, गुडघ्याला लागून कापता कामा नये. असल्या गाड्या बांधणाऱ्यांचा एक क्लब एका पबच्या मागे जमायचा. क्लिफ मलाही घेऊन जायचा. तिथे डेरिक नावाचा एक जाडा गृहस्थ होता, त्यानं अशा तीन गाड्या बांधल्या होत्या.

"बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या घाल," डेरिक म्हणाला. "कडांना रबरी पट्टी चिकटव. पास झालास की घरी ये आणि सगळं उपटून फेकून दे. आम्ही सगळ्यांनी तेच केलंय."

"म्हणजे तपासणीपुरती एक गाडी आणि चालवायला दुसरी?" क्लिफनं विचारलं.

"म्हणजे उन्हाळ्याआधी रस्त्यावर गाडी."

क्लिफनं ग्लास संपवला. घरी परतताना मला म्हणाला, "कड बोथट करायची तर बोथट करावी. टोपी कशाला घालायची?" जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. धारदार कड तशीच सोडून वरून झाकणं त्याला जमणारं नव्हतं.

तो अख्खा हिवाळा त्यानं कानस चालवली. प्रत्येक पट्टी, प्रत्येक कोपरा सुटा करायचा, घासायचा, अंगठा फिरवून पाहायचा, पुन्हा घासायचा. मला भिंतीतून आवाज यायचा. बेरिल मधूनमधून गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभी राहायची.

"घाल रे बाबा टोप्या. मेबलथॉर्पच्या पक्ष्यांना काही कळणार नाही."

"मला कळेल."

"तू डोळे मिटून चालव."

जूनमध्ये तपासणी झाली आणि गाडी नापास झाली. एकाच जागी. बेरिलच्या गुडघ्यासमोर, आतल्या बाजूला, एक लहानसा लोखंडी टेकू होता. तो क्लिफच्या नजरेतून सुटला होता. तपासणारा माणूस सभ्य होता, त्यानं बोटानं दाखवलं आणि म्हणाला, बाकी काम सुंदर आहे. तेवढा टेकू घासून क्लिफ पुढच्या तारखेला जाऊ शकला असता. पण एक सुटला म्हणजे आणखीही सुटले असतील, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं पुढचा सगळा भाग उघडला आणि पहिल्यापासून घासायला घेतला. उन्हाळा गेला.

"पुढच्या वर्षी जाऊ," बेरिल म्हणाली. "समुद्र कुठे पळून जातोय."

शरद ऋतूत तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि गाठ निघाली. तिच्या उपचारांच्या दिवसांत गॅरेजचं दार बंदच होतं. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांनी उपचार थांबवले. त्यांनी घरी न्या म्हटलं, याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

एका दुपारी मी सूप घेऊन गेलो होतो. बेरिल खिडकीपाशी बसली होती.

"क्लिफ," ती म्हणाली, "मला गाडीतून नेतोस का?"

"नंबर नाही तिला. विमा नाही. रस्त्यावर काढता येत नाही."

"मेबलथॉर्पला नको. नुसतं कोपऱ्यापर्यंत."

"पकडलं तर?"

"पकडलं तर मी रडेन. सध्या मला फार छान रडता येतं."

ज्या माणसानं प्लास्टिकची टोपी घालायला नकार दिला होता, त्यानं रविवारी सकाळी बिननंबराची गाडी गॅरेजमधून बाहेर काढली. समोरच्या घरातल्या बाईंनी आम्हाला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. बेरिलला मी आणि क्लिफनं उचलून आत बसवलं. तिचं वजन आता काहीच नव्हतं. आसनाचा तो खोलगट आकार तिच्यासाठीच केलेला, आणि ती त्यात कुठेच टेकत नव्हती. क्लिफनं एक घोंगडी आणली, घडी करून तिच्या एका बाजूला खोचली. मग दुसरी आणली. मग घरात जाऊन उशी आणली. तो बराच वेळ ते करत राहिला, तिच्याकडे न बघता.

"पुरे," ती म्हणाली. "आता चल."

तिनं रुमाल स्वतःच बांधला. इंजिन सुरू झालं. असल्या गाड्या कडक असतात, रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा कण्यापर्यंत पोचतो. ती दोघं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली मला दिसली. तिथे गाडी थांबली. बराच वेळ हलली नाही, म्हणून मी चालत गेलो.

इंजिन बंद होतं. बेरिलचे ओठ पांढरे पडले होते.

"छान आहे गाडी," ती मला म्हणाली. "खरंच छान आहे, डक. पण मला घरी जायचंय."

इंजिनाची थरथर तिला सोसवत नव्हती. क्लिफ खाली उतरला. एक हात स्टीअरिंगवर ठेवून त्यानं बाजूनं ढकलायला सुरुवात केली, मी मागून. आम्ही दोघं म्हातारे दमलो, थांबलो, पुन्हा ढकललं. घराजवळ आल्यावर बेरिल म्हणाली, "बघ, वाराच लागला नाही," आणि क्लिफ म्हणाला, "नाही लागला."

एप्रिलमध्ये ती गेली.

जूनमध्ये क्लिफ पुन्हा तपासणीला गेला. का गेला ते मला माहीत नाही. तारीख आधीच घेतलेली होती, आणि घेतलेली तारीख चुकवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळी तो माझ्या मागच्या दारानं आत आला आणि खुर्चीत बसला. मी चहा ठेवला.

"पास झाली का?"

"झाली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, इतकं चांगलं हातकाम फार वर्षांत पाहिलं नाही. दुसऱ्या माणसाला बोलावून दाखवलं."

"छान."

"डेरिक म्हणत होता तसं केलं असतं, तर गेल्या वर्षी जूनमध्येच…" त्यानं कप बाजूला सरकवला. "जुलैमध्ये ती चांगली होती ना?"

"चांगली होती."

"जुलैमध्ये तिनं तुझं कुंपण रंगवलं."

"हो. माझ्यानं वाकवत नव्हतं, म्हणून."

"सगळं एकटीनं?"

"सगळं. रंगाचे दोन हात दिले."

"बसून?"

"नाही, उभ्यानं. सकाळभर उभी होती. मध्ये एकदा चहा प्यायली, तोही उभ्यानंच."

क्लिफनं मान हलवली. मी बिस्किटं काढली, त्यानं घेतली नाहीत. बाहेर अजून उजेड होता. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं, जुलैमध्ये ती किती वेळ उभी होती म्हणून, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.